वाढीव राखीव प्रत आणि फेरफाराची साखळी

संगणकावरील माहितीची राखीव प्रत, म्हणजेच बॅकअप, कोणत्या पद्धतीने घ्यावी याविषयीच्या लेखनात बहुधा दोनच कसोट्या पुढे केल्या जातात : प्रत किती वेळात तयार होते आणि ती किती जागा व्यापते. या कसोट्या निरुपयोगी नाहीत. तथापि त्या दुय्यम आहेत, आणि त्यांनाच मुख्य मानल्यामुळे निवड चुकते, असे प्रस्तुत टिपणाचे प्रतिपादन आहे.

रूढ पद्धती दोन. पूर्ण प्रत एकदा घेतल्यावर, मागील प्रतीनंतर जेवढे बदलले तेवढेच दररोज टिपणे ही वाढीव पद्धती. आणि शेवटच्या पूर्ण प्रतीनंतरचे सर्व बदल दररोज नव्याने टिपणे ही फरकाची पद्धती. रविवारी पूर्ण प्रत घेतली आणि शनिवारी सकाळी डिस्क निकामी झाली, तर पहिल्या पद्धतीत सहा प्रती क्रमाने जोडाव्या लागतात. दुसरीत दोन पुरतात. वाढीव पद्धती जागा वाचवते ती साखळी लांबवून. मधला एक दुवा निखळला की पुढचे दुवे शाबूत असूनही व्यर्थ होतात.

ही साखळी कर्जत तालुक्यातील शेतकऱ्याला अपरिचित नाही. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, ही बदलांची क्रमवार नोंद. आणि सातबारा हे त्या बदलांतून सिद्ध झालेले आजचे चित्र. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यानुसार फेरफार प्रमाणित झाल्यावरच त्याचा अंमल सातबाऱ्यावर येतो. हस्तलिखित सातबाऱ्याचे ठराविक वर्षांनी पुनर्लेखन होई. संगणकाच्या भाषेत ती नवी पूर्ण प्रतच. पुनर्लेखनात एखाद्या वारसाचे नाव गळले, तर ते सिद्ध करण्यास जुना फेरफारच उपयोगी पडतो. यातून एक नियम निघतो : नवी पूर्ण प्रत तयार झाली म्हणून जुनी साखळी तत्काळ नष्ट करू नये.

साम्याला मर्यादाही आहे. फेरफाराचा एक कागद गहाळ झाला तरी खरेदीखत, जुना उतारा आणि गावाची स्मृती यांवरून तुटलेला दुवा काही अंशी सांधता येतो. संगणकीय प्रतीतील तुकडा मात्र मुका असतो. शेजारच्या तुकड्यावरून त्याचा अर्थ लावता येत नाही.

बोर्ग, रेस्टिक इत्यादी अलीकडील साधने प्रत्येक दिवसाची प्रत पूर्ण असल्यासारखी दाखवतात व समान तुकडे एकदाच साठवतात. ही सोय मोठी आहे. परंतु तिने साखळीचा दोष नाहीसा झाला असे मानणे हा भ्रम होय. सामाईक तुकडा बिघडला, तर त्यावर विसंबणाऱ्या सर्व दिवसांच्या प्रती एकाच वेळी बिघडतात. म्हणून अशा साधनांची स्वतंत्र दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी असलीच पाहिजे.

मुख्य कसोटी कोणती, हे २०१७ सालच्या दोन घटना सांगतात. त्या वर्षी ३१ जानेवारीस गिटलॅब या संस्थेच्या सर्व्हरवरील विदासंच चुकीने पुसला गेला. योजलेल्या पाच उपायांपैकी एकही विश्वसनीय ठरला नाही. सुमारे सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेल्या प्रतीवर काम निभावले. त्याच वर्षी महाराष्ट्रात चावडी वाचनाची मोहीम झाली. संगणकीकृत सातबारे गावकऱ्यांसमोर वाचून चुका शोधण्याचा तो उपक्रम होता. पहिल्या ठिकाणी प्रती होत्या, परंतु त्यांचे वाचन नव्हते. दुसऱ्या ठिकाणी वाचन हेच प्रमाण मानले गेले.

तात्पर्य, वैयक्तिक संगणकासाठी तुकडे सामाईक ठेवणारे साधन आणि दोन डिस्क, त्यांतील एक एरवी संगणकापासून अलग, एवढे पुरेसे आहे. सर्व्हरसाठी आठवड्यास पूर्ण प्रत, दररोज फरकाची प्रत आणि विदासंचाचा स्वतंत्र उतारा असावा. परंतु कोणतीही पद्धती स्वीकारली, तरी ठराविक मुदतीने ती कोऱ्या यंत्रावर उतरवून पाहिल्यावाचून तिला राखीव प्रत म्हणू नये. ज्या नोंदीवर एखाद्या कुटुंबाची जमीन अवलंबून आहे, तिच्या बाबतीत तर हे चावडी वाचन टाळण्याचा अधिकार कोणासही नाही.