काळा ताज किती काळा?

उतावळी नदीकाठच्या शाहनवाज खानाच्या मकबऱ्याला आपल्याकडे ‘काळा ताज’ म्हणतात. खान-ए-खानान अब्दुर्रहीमचा हा मुलगा 1619 मध्ये वारला. आग्र्याच्या ताजचं काम सुरू झालं 1632 च्या सुमारास. म्हणजे ताजशी तुलना नंतरचीच.

हल्ली मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोंत हा मकबरा डांबर फासल्यासारखा दिसतो. कॅमेऱ्याचा यात दोष नाही. दगडापुरता भाग निवडायचा, त्याचा उजळपणा खाली ओढायचा, उरलासुरला तपकिरी रंग काढून टाकायचा, आभाळ निळंभोर करायचं. झाला काळा ताज तयार. प्रत्यक्षात दगड आपला नेहमीचा बेसाल्ट: उन्हात राखाडी, पावसात भिजला की काळपट. दोन्ही खरेच. पण आभाळ उन्हाळ्यातलं आणि दगड आषाढातला, हे कसं चालेल?

फोटो देखणा आहे की नाही, हा वाद मला घालायचा नाही. पण काळोखी वाढवली की आधी बुडतात त्या सांध्यांच्या रेषा, चुन्याचे डाग, मागाहून बसवलेला वेगळ्या छटेचा दगड. इमारतीची दुरुस्ती कुठे झाली, ते आपण यावरूनच तर वाचतो! लग्नपत्रिकेवर हवा तसा छापा की. मंडळाच्या संग्रहासाठी मात्र फोटोसोबत तारीख-वेळ द्या, आणि चौकटीच्या कोपऱ्यात एक राखाडी कार्ड ठेवा. उजेडाचा रंग त्यावरून कळतो. नुसता दगडच रंगवला असेल तर ते कार्ड काही पकडणार नाही, म्हणून मूळ फाइलही हवी.