सरोवराकाठचा न्याय : कूपरच्या सीमाकादंबऱ्यांचा आस्वाद

जेम्स फेनिमोर कूपर (१७८९–१८५१) याच्या ‘लेदरस्टॉकिंग’ मालेतील पाच कादंबऱ्या वाचावयास घेणाऱ्या रसिकापुढे आरंभीच एक अडचण उभी राहते. त्या कोणत्या क्रमाने वाचाव्या? नायक नॅटी बम्पो याच्या आयुष्याचा क्रम धरला, तर ‘द डिअरस्लेअर’पासून प्रारंभ करून ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’, ‘द पाथफाइंडर’, ‘द पायोनिअर्स’ या मार्गाने ‘द प्रेअरी’पाशी थांबावे लागेल. लेखनाचा क्रम मात्र निराळा आहे. ‘द पायोनिअर्स’ १८२३ मध्ये प्रसिद्ध झाली, ‘मोहिकन्स’ १८२६ मध्ये, ‘द प्रेअरी’ १८२७ मध्ये. पुढे तेरा वर्षांच्या खंडानंतर १८४० मध्ये ‘द पाथफाइंडर’ आणि १८४१ मध्ये ‘द डिअरस्लेअर’ प्रकट झाली. म्हणजे कूपरने आपला नायक प्रथम म्हातारा दाखविला, मग त्याला मृत्यू दिला आणि सर्वांत शेवटी तरुण केला.

हा प्रश्न केवळ सूचीकाराचा नव्हे. या कादंबऱ्यांपासून मिळणाऱ्या आनंदाचे स्वरूपच त्यावर अवलंबून आहे. डी. एच. लॉरेन्सने १९२३ मधील आपल्या ग्रंथात या उलट्या प्रवासाकडे लक्ष वेधले आणि त्यात जुनी कात टाकून तरुण होऊ पाहणाऱ्या अमेरिकेची पुराणकथा पाहिली. निरीक्षण मार्मिक आहे, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष अर्धाच वाटतो. लेखनक्रमाने वाचणाऱ्याला शेवटच्या कादंबरीतील तारुण्य हा नवा जन्म वाटत नाही. त्या अरण्याचे पुढे काय झाले, हे त्याला अगोदरच ठाऊक असते.

प्रथम ‘द पायोनिअर्स’ पाहू. कथा १७९३ च्या नाताळाच्या पूर्वसंध्येस सुरू होते. न्यूयॉर्क राज्यातील एका सरोवराकाठी जज्ज मार्माड्यूक टेंपल याने गाव वसविले आहे. कूपरचा पिता विल्यम कूपर यानेही ऑट्सेगो सरोवराकाठी कूपर्सटाऊन वसविले होते, आणि जज्जाच्या चित्रात पित्याची छाया उघड दिसते. पहिल्याच प्रसंगात एका हरणावरून वाद होतो. गोळी कोणाची लागली, हरीण कोणाचे? वरवर विनोदी वाटणाऱ्या या वादात साऱ्या कादंबरीचे बीज आहे. कारण हरणाच्या प्रश्नाआड भूमीचा प्रश्न दडलेला आहे.

कादंबरीचा पुष्कळ भाग ऋतुचक्राच्या वर्णनाने व्यापलेला आहे. मेपलच्या रसाची साखर होते, जाळी ओढून मासळीचे ढीग काठावर टाकले जातात, आणि वसंतात आकाश झाकून टाकणाऱ्या प्रवासी कबुतरांच्या थव्यांवर गावकरी बंदुका तर चालवितातच, पण एक लहान तोफही डागतात. नॅटी एका गोळीने एकच पक्षी टिपतो, या नासाडीचा धिक्कार करतो व निघून जातो. १८२३ च्या वाचकास म्हाताऱ्याचा हा संताप विक्षिप्त वाटला असेल. आज तो तसा वाटणे शक्य नाही, कारण त्या जातीचा शेवटचा ज्ञात पक्षी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मरण पावला. पुढे घडलेल्या इतिहासाने या प्रकरणाला कूपरच्या हेतूपेक्षाही अधिक खोली दिली आहे.

परंतु कादंबरीचे मर्म खटल्याच्या प्रसंगात आहे. जज्ज टेंपल अविचारी मनुष्य नव्हे. नासाडीची त्यालाही खंत वाटते, म्हणूनच तो शिकारीवर ऋतूचे बंधन घालणाऱ्या कायद्याचा पुरस्कार करतो. या कायद्याचा पहिला बळी कोण? गरजेपुरतेच मारणारा नॅटी! बंदीच्या काळात हरीण मारल्यावरून त्याच्या झोपडीची झडती घेण्यास माणसे येतात, तो बंदूक रोखून त्यांना अडवितो आणि न्यायासनापुढे उभा केला जातो. नुकतेच त्याने जज्जाच्या मुलीला, एलिझाबेथला, हिंस्र श्वापदापासून वाचविलेले असते. तरीही जज्ज त्याला खोडा, दंड आणि कारावास अशी शिक्षा सुनावतो. दंड भरावयास पैसे नाहीत. बीव्हर धरून ते फेडण्याची मुभा मिळावी, एवढेच म्हाताऱ्याचे मागणे. येथे कूपर कोणालाही खलपुरुष करीत नाही. कायदा आवश्यक आहे, न्यायाधीश प्रामाणिक आहे, आणि तरीही अन्याय झाला आहे. ही तिन्ही सत्ये एकाच वेळी मनावर ठसविणे हे थोर कादंबरीकाराचे लक्षण होय.

कथेच्या शेवटी मात्र कूपर कचरतो. त्या भूमीवर तीन हक्क सांगितले गेले आहेत : टेंपलचा, पूर्वीचे मालक एफिंगहॅम यांचा, आणि मूळ रहिवाशांचा. पहिल्या दोहोंचा मेळ एलिझाबेथ व तरुण एफिंगहॅम यांच्या विवाहाने बसतो. तिसरा दावेदार, वृद्ध मोहिकन चिंगाचगुक, वणव्याच्या प्रसंगानंतर मरण पावतो, आणि नॅटी पश्चिमेकडे चालू लागतो. एक वाद लग्नाने मिटला, दुसरा दफनाने. ग्रंथकाराला ही विषमता जाणवत असावी. कारण शेवटच्या प्रकरणातील आपले लक्ष नवविवाहितांकडे नसून रानात दिसेनाशा होणाऱ्या म्हाताऱ्याकडे असते.

अठरा वर्षांनी लिहिलेल्या ‘द डिअरस्लेअर’मध्ये कूपर त्याच सरोवराकाठी परततो. काळ मात्र अर्धशतकाने मागे, १७४० च्या दशकात गेलेला आहे. गाव नाही, कायदा नाही; पाण्यात खांबांवर उभारलेले टॉम हटरचे घर तेवढे आहे. पण हे निष्पाप नंदनवन आहे काय? हटर आणि त्याचा सोबती सरकारी इनामाच्या लोभाने मूळ रहिवाशांच्या, त्यांच्या स्त्रियामुलांच्यासुद्धा, डोक्यांवरील कातडी केसांसकट काढून आणावयास निघतात. पुढे हटरवरच ती गत ओढवते. नॅटीच्या हातून प्रथमच मनुष्यवध होतो, तेव्हा तो मरणाऱ्या शत्रूला पाण्यापाशी नेतो आणि तोच शत्रू त्याला ‘हॉकआय’ हे नाव देतो. यात विजयाचा उन्माद नाही, ओशाळलेली गंभीरता आहे. सरोवराच्या सौंदर्यात दोष मागाहून शिरला नाही; तो आरंभापासूनच होता, हा या अखेरच्या कादंबरीचा शोध आहे.

कूपरच्या उणिवा झाकण्याचे कारण नाही. मार्क ट्वेनने १८९५ मध्ये त्याची जी थट्टा केली, ती पुष्कळशी न्याय्य आहे. ऐन संकटात सुक्या काटकीवर हमखास पडणारा पाय, शंभर यार्डांवरून दिसणारे खिळ्याचे डोके आणि न संपणारी भाषणे आजही वाचकाची परीक्षा पाहतात. परंतु ट्वेनने तपासली ती कारागिरी. न्यायसभेतील म्हातारा त्या तपासणीत सापडत नाही.

अधिक गंभीर आक्षेप ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’वर घ्यावा लागतो. १७५७ च्या फोर्ट विल्यम हेन्रीच्या पाडावाभोवती रचलेली ही कादंबरी गतीच्या दृष्टीने सर्वांत रोचक आहे, आणि अंकसच्या मृत्यूने ती शोकान्त होते. पण ‘अखेरचा’ हे विशेषण इतिहासाला धरून नाही. मोहिकन आणि मोहीगन या भिन्न समाजांची कूपरने सरमिसळ केली. मोहिकन नष्ट झाले नाहीत; ते मॅसॅच्युसेट्समधून न्यूयॉर्कमध्ये व तेथून विस्कॉन्सिनमध्ये विस्थापित झाले, आणि स्टॉकब्रिज-मन्सी समाज या नावाने आजही तेथे नांदत आहेत. कादंबरीनंतर चारच वर्षांनी, १८३० मध्ये, मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हलविण्याचा कायदा संमत झाला. जो समाज जिवंत आहे त्याच्यासाठी अगोदरच अश्रू ढाळणे ही करुणा खरी. पण ती सोयीचीही आहे. जे आपोआप मावळले, त्याचा जाब कोण मागणार?

मग या कादंबऱ्यांचा आनंद घ्यावा की नाही? स्कॉटच्या प्रभावाखाली वाढलेल्या ऐतिहासिक कादंबरीशी मराठी वाचक ‘मोचनगड’पासून (१८७१) परिचित आहे. गतकाळाच्या वैभवाने भारावून जाणे त्याला नवे नाही. कूपरही स्कॉटच्याच वाटेने निघाला, परंतु त्याच्या हाती वैभवापेक्षा ऋण अधिक लागले. त्याला आठवणारी भूमी त्याच्या पित्याने मिळविलेली, आणि त्यापूर्वी दुसऱ्या कोणाची तरी होती. म्हणून आमचे मत असे की, रसिकाने या कादंबऱ्या लेखनक्रमानेच वाचाव्या. तसे केल्याने ‘द डिअरस्लेअर’मधील प्रभातकाळचे निश्चल पाणी पाहताना खोड्यात बसलेला म्हातारा आणि तोफेने खाली आलेली पाखरे यांचे विस्मरण होत नाही. त्या स्मरणाने आस्वाद उणा होत नाही. या कादंबऱ्यांना शोभणारा आस्वाद तोच होय.