आठवणीची साधनचिकित्सा

जुना कागद हाती आला की आधी तीन गोष्टी पाहाव्या लागतात: तो कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि लिहिणाऱ्याला काय मान्य करायचं नव्हतं. जेनिफर फॉक्स यांचा 'द टेल' (२०१८) हा अमेरिकी चित्रपट मी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा हीच शिस्त आठवली.

फॉक्स मूळच्या माहितीपटकार. चित्रपटाची नायिकाही माहितीपटकार आणि तिचं नावही जेनिफरच. तेराव्या वर्षी तिने शाळेसाठी लिहिलेली एक 'गोष्ट' आईला सापडते. घोडेस्वारी शिकवणाऱ्या बाई आणि धावण्याचा प्रशिक्षक, या दोघांशी असलेल्या खास नात्याची ती गोष्ट. आई वाचून हादरते. पन्नाशीकडे झुकलेली मुलगी मात्र ते आपलं पहिलं प्रेम होतं असं सांगत राहते.

मग आई जुने फोटो काढते. आतापर्यंत आठवणींतल्या प्रसंगांत आपण जी उंच, बऱ्यापैकी वयात आलेली मुलगी पाहत होतो, ती तेरा वर्षांची जेनी नव्हेच. खरी जेनी लहानखुरी, अगदी पोर. आणि तेच प्रसंग पुन्हा सुरू होतात, दुसऱ्या, लहान मुलीला घेऊन. पहिल्या वेळी आपलंच काही चुकलं असं वाटून मी चित्रपट मागे नेऊन पाहिला होता. वाक्यं तीच, दार तेच. फक्त उंबऱ्यावर उभी असलेली व्यक्ती मूल आहे. अत्याचार या शब्दावर सगळा चित्रपट वाद घालतो, पण निकाल या एका बदलाने लागतो.

मीरा नायर यांच्या 'मान्सून वेडिंग'मध्ये (२००१) रिया बोलते तेव्हा तिला स्वतःविषयी शंका नसते. प्रश्न असतो तो कुटुंबप्रमुख कोणाच्या बाजूने उभा राहणार, हा. 'द टेल'मध्ये साक्षीदार स्वतःचीच साक्ष मानायला तयार नाही. शाळेतली ती गोष्ट अस्सल साधन आहे, घटनाही त्यात आहेत. खोटा आहे तो लावलेला अर्थ. पण त्या अर्थानेच त्या मुलीला इतकी वर्षं उभं ठेवलं, हेही चित्रपट लपवत नाही. आपण बळी नाही, असं छोटी जेनी मोठीला ठणकावते, तेव्हा मोठीकडे उत्तर नसतं.

शेवटी सत्कार समारंभात वृद्ध प्रशिक्षकाला चारचौघांत गाठण्याचा प्रसंग मला त्यामानाने उथळ वाटला. त्याचा नकार अपेक्षितच होता आणि त्याच्या कबुलीवर आता काही अडलेलंही नव्हतं. त्यानंतरचं दृश्य मात्र नेमकं आहे: स्वच्छतागृहाच्या फरशीवर दोघी जेनी शेजारी शेजारी बसलेल्या, कोणी कोणाला समजावत नाही.