मागच्यावरचा उतारा

पर्थला ॲशेसच्या पहिल्याच षटकात झॅक क्रॉली स्टार्कला स्लिपमध्ये झेल देऊन परतला. दुसऱ्या डावात पुन्हा पहिलंच षटक, पुन्हा स्टार्क, फक्त झेल या वेळी गोलंदाजाच्याच हातात. चष्मा पुरा झाला, कसोटी दोन दिवसांत आटोपली, इथवर माझी काही तक्रार नाही. नव्या चेंडूवर स्टार्कने भल्याभल्यांना घरी पाठवलं आहे. डोकं फिरलं ते त्यानंतर सुरू झालेल्या समर्थनाने. क्रॉली असाच खेळणार, आज गेला तर गेला, एखाद्या दिवशी सामना काढून देईल! प्रशिक्षक मॅकलम यांनी तर २०२२मध्येच सांगून टाकलं होतं की सातत्य हा क्रॉलीचा पिंडच नाही, तो लागला की सामना जिंकून देतो. मधल्या फळीतल्या एखाद्या मनस्वी फलंदाजाबद्दल हे ऐकून घेता येईल. सलामीला जाणाऱ्याबद्दल कसं ऐकून घ्यायचं?

इंग्लंडच्या सलामीचा रोग मात्र मॅकलम यांच्या आधीचा आहे. ऑगस्ट २०१२मध्ये अँड्र्यू स्ट्रॉस निवृत्त झाला तेव्हापासून कुकच्या जोडीला आणि कुकनंतर त्याच्या जागी किती जण येऊन गेले, त्यांची नावं वाचकांना पाठ असतील. यादी पुन्हा वाचताना मला एक गोष्ट दिसते. यातला जवळजवळ प्रत्येक जण आधीच्यावरचा उतारा म्हणून निवडलेला आहे. निक कॉम्प्टन संथ, म्हणून तरणाबांड रूट वर. रूटला मधल्या फळीत नेलं आणि कारबेरी आला. मग रॉबसन, लिथ, पुढे हेल्स. हेल्सचे हात फार लवकर चेंडूकडे जातात, म्हणून एकोणीस वर्षांचा शांत हमीद. जेनिंग्जला वानखेडेवर पदार्पणात काढलेल्या ११२ धावांची पुण्याई बराच काळ पुरली. मग जेसन रॉय, त्याच्यावर उतारा डॉम सिब्ली, आणि सिब्लीवर उतारा सध्याचा कारभार. सलामीला कोणतं काम करणारा माणूस हवा, हे कोणी ठरवल्याचं या यादीत दिसत नाही. मागच्या माणसाचा कंटाळा आला एवढंच दिसतं.

कॉम्प्टनने २०१३मध्ये डनेडिन आणि वेलिंग्टनला लागोपाठच्या कसोटींत शतकं ठोकली आणि त्याच उन्हाळ्यात ॲशेसच्या तोंडावर त्याला बाजूला केलं. कारबेरीने २०१३-१४च्या त्या भीषण दौऱ्यात २८१ धावा केल्या. इंग्लंडकडून त्याच्यापुढे फक्त पीटरसन होता, तोही तेरा धावांनी. बक्षीस म्हणून कारबेरी पुन्हा कसोटी खेळला नाही. रॉयचं प्रकरण तर निव्वळ विनोदी. काउंटीत तो मधल्या फळीत खेळायचा. पन्नास षटकांचा विश्वचषक गाजवला म्हणून त्याला ड्यूक्सच्या नव्या चेंडूसमोर उभं केलं. त्याच्या पहिल्याच कसोटीत, लॉर्ड्सवर आयर्लंडविरुद्ध, दिवसअखेरचं एक षटक तगून नेण्यासाठी जॅक लीच या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाला सलामीला धाडलं आणि त्याने ९२ काढल्या. रॉयला सगळ्या कसोटी कारकिर्दीत तेवढ्या एका डावात जमल्या नाहीत.

आपल्याकडे रोहित शर्माला सलामीला बढती मिळाली ती त्याच वर्षी, २०१९मध्ये. तोही मधल्या फळीतला आणि मर्यादित षटकांत वरती खेळून मोठा झालेला. पण २०२१मध्ये लॉर्ड्सवर तो आणि राहुल अँडरसनसमोर उभे राहिले तो डाव आठवा. ऑफस्टंपबाहेरच्या चेंडूवर रोहितचे हात छातीशी, डोकं चेंडूच्या रेषेत, आणि चेंडू यष्टिरक्षकाकडे. जोडीने १२६ धावा केल्या. पुढे ओव्हलवर रोहितने १२७ काढून सामना फिरवला. षटकारांचा हा राजा इंग्लंडमध्ये जाऊन चेंडू सोडायला शिकला, तर रॉय इंग्लंडमध्येच काउंटी खेळून पन्नास षटकांतल्यासारखी बॅट पुढे नेत राहिला. दादर-माटुंग्याच्या मैदानांवर ज्याने चार उन्हाळे घालवलेत त्याला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही.

आता सिब्लीकडे येतो, कारण माझा खरा राग त्याच्या नावावरून आहे. बावीस कसोट्या, सरासरी २८.९४, दोन शतकं. दिसायला भयंकर. पाय समोरासमोर रोवून उभं राहायची ती चौकोनी ढब, सगळ्या धावा लेगला, कव्हर ड्राइव्ह म्हणजे वर्षश्राद्धाला एकदा. त्याची टवाळी करणं फार सोपं होतं आणि सगळ्यांनी ती मनसोक्त केली. पण त्याची दोन शतकं कुठे आली ते पाहा. केपटाऊनला नाबाद १३३, इंग्लंड जिंकलं. मँचेस्टरला वेस्ट इंडिजविरुद्ध ३७२ चेंडूंत १२०, इंग्लंड जिंकलं. (याच कसोटीत करोनाचे नियम विसरून त्याने चेंडूला थुंकी लावली आणि पंचांना चेंडू पुसून घ्यावा लागला. वर्तमानपत्रांनी शतकाहून ही बातमी जास्त चवीने छापली.) मँचेस्टरला स्टोक्सने १७६ काढल्या, त्या सर्वांना आठवतात. स्टोक्सला त्या काढता याव्यात म्हणून समोरचं टोक कोणी धरून ठेवलं होतं?

त्याहून बोलका डाव चेन्नईचा, फेब्रुवारी २०२१. इंग्लंड २ बाद ६३. अश्विन आणि बुमराह गोलंदाजीला, कर्णधार रूट आपल्या शंभराव्या कसोटीत नुकताच उतरलेला. सिब्लीने २८६ चेंडू खेळून ८७ केल्या, दोघांनी दोनशेची भागी रचली, आणि दिवसाच्या अगदी शेवटच्या क्षणी बुमराहने त्याला पायचीत केलं. रूटने पुढे २१८ केल्या. भारत आपल्याच अंगणात २२७ धावांनी हरला. यावर किती लिहिलं गेलं, सगळं रूटवर. वानखेडेवरही २०१२मध्ये हेच झालं होतं. पीटरसनचे १८६ मुंबईकर अजून तोंडभरून सांगतात. पण इंग्लंड २ बाद ६८ असताना पीटरसनबरोबर २०६ धावांची भागी करून १२२ काढणारा कुक कोणाच्या गप्पांत येत नाही. तो कुक २००६मध्ये नागपूरला, सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर, वेस्ट इंडिजहून धावतपळत येऊन पदार्पणातच ६० आणि नाबाद १०४ करून गेला होता. तेव्हापासून २०१८च्या ओव्हलपर्यंत त्याच्याकडे मोजून तीन फटके होते. १२,४७२ धावा त्याने त्या तिनांवर काढल्या.

सलामीवीराचं काम त्याच्या धावांत पुरतं मोजता येत नाही, एवढंच मला म्हणायचं आहे. तो चेंडू जुना करतो. चौथ्या क्रमांकाचा माणूस पाचव्या षटकात येतो की पंचविसाव्या, हे त्याच्या हातात असतं. ड्यूक्सचा चेंडू टणक आणि शिवण उभी असताना रूट, ब्रूक, स्टोक्स यांना मैदानात खेचून आणणारा सलामीवीर तीस धावा झटपट करून गेला तरी संघाला खड्ड्यात घालून गेलेला असतो. क्रॉलीला साठाहून जास्त कसोट्या मिळाल्या, सरासरी एकतिशीच्या आसपास. सिब्लीला बावीस आणि रोरी बर्न्सला बत्तीस कसोट्यांनंतर नारळ मिळाला. बर्न्सची सरासरी तीस होती! एकतीस म्हणजे प्रतिभा आणि तीस म्हणजे अपयश, हे गणित मला कोणी तरी पाटीवर सोडवून दाखवावं.

क्रॉलीच्या बाजूनेही बोलता येईल. मँचेस्टरचे १८९ अफलातून होते. पर्थनंतर ब्रिस्बेनला ७६ आणि ॲडलेडला ८५ त्यानेच केल्या, डकेटला मात्र त्या मालिकेत सूर सापडला नाही. पण या जोडीच्या गौरवगाथेत रावळपिंडीचा पहिला दिवस सांगतात, ५०६ धावांचा. ती खेळपट्टी होती की राष्ट्रीय महामार्ग? दुसरा दाखला हेडिंग्लेचा, २०२५, ३७१चा पाठलाग, १८८ची सलामी. उत्तम फलंदाजी, वादच नाही. जैस्वालने डकेटला ९७वर जीवदान दिलं, तेवढं फक्त त्या गाथेच्या तळटिपेत टाका.

मग हेडचं नाव येतंच. ख्वाजाची पाठ धरली म्हणून पर्थला ट्रॅव्हिस हेड सलामीला गेला आणि ८३ चेंडूंत १२३ झोडून मोकळा झाला. झालं, लगेच धडा निघाला, सलामीला मारणाराच हवा. आपल्याकडे हाच धडा गेली वीस वर्षं सेहवागच्या नावाने शिकवतात. हेड वर येण्याआधी मधल्या फळीत ढीगभर शतकं करून आलेला सिद्ध कसोटी फलंदाज होता. सेहवागचं कसोटी पदार्पणच शतकाचं. ऑस्ट्रेलियाने आपला सर्वांत भरातला माणूस वर पाठवला. इंग्लंड एका माणसाचा कधी तरी भर येईल म्हणून सहा वर्षं थांबलं आहे. (कॉन्स्टासबद्दल विचारू नका. बुमराहला उलटी बॅट फिरवून मारलेले चार फटके म्हणजे सलामी नव्हे.)

काउंटीत सलामीवीर तयार होत नाहीत, हा निवडकर्त्यांचा शेवटचा हुकमी एक्का. एप्रिलच्या ओल्या हिरव्या खेळपट्ट्या, सप्टेंबरची थंडी, ऑगस्टचं ऊन शंभर चेंडूंच्या तमाशाला वाहिलेलं, हे सगळं खरं. म्हणून काउंटीतल्या धावांपेक्षा उंची, फटक्यांचा आवाका, वेगाला खेळण्याची जात पाहायची म्हणे. पण त्याच ओल्या एप्रिलमध्ये जो माणूस वर्षानुवर्षं उभा राहतो, त्याला तरी काही येतं की नाही? हमीदने २०१६मध्ये राजकोटला ८२ केल्या, मोहालीत मोडलेल्या बोटाने आठव्या क्रमांकावर येऊन नाबाद ५९. पुढची कसोटी मिळायला जवळजवळ पाच वर्षं लागली आणि २०२१-२२च्या ॲशेसमध्ये सगळ्यांबरोबर तोही बुडाला, तो कायमचा. २०२५मध्ये त्याच्याच कप्तानीखाली नॉटिंगहॅमशायरने काउंटी जिंकली. त्याच हंगामात सिब्लीने सरेकडून ओव्हलवर डरहॅमविरुद्ध ३०५ काढल्या. दोघांना बोलावणं नाही. बरं, यांना नका घेऊ, दुसरा कोणी घ्या. ऑस्ट्रेलियाला नेलेल्या सोळांत जखमा उराशी बाळगणारे वेगवान गोलंदाज होते, पोपच्या जागेसाठी बेथेल होता, विल जॅक्स होता. क्रॉली आणि डकेट सोडून तिसरा हाडाचा सलामीवीर एकही नव्हता. तेव्हा पर्थच्या चष्म्यानंतर क्रॉलीवर विश्वास दाखवला असं जे सांगतात, त्यांनी हेही सांगावं की अविश्वास दाखवायचा ठरवला असता तर ब्रिस्बेनला पाठवायला त्यांच्याकडे होतं कोण?