वस्तुचित्रातला गैरहजर हात

कॅमेऱ्याला जात नसते, तो समोर असेल तेच टिपतो, असे आपल्याकडचे पांढरपेशे रसिक मोठ्या विश्वासाने सांगतात. वस्तुचित्राच्या बाबतीत तर हा विश्वास अधिकच पक्का असतो. चौकटीत माणूसच नाही, मग प्रश्न कुठला? माझ्या मते प्रश्न तिथेच सुरू होतो. माणूस चौकटीबाहेर गेला की वस्तूच त्याच्या वतीने बोलू लागते. आणि ती वस्तू कोणाची, कोणाच्या कामाची, हे आपण नीट पाहण्याआधीच ठरवून टाकलेले असते.

टॅलबट या इंग्रज संशोधकाने १८४४ मध्ये 'द पेन्सिल ऑफ नेचर' हे छायाचित्रांचे पुस्तक भागाभागांनी काढायला सुरुवात केली. त्यातले 'उघडे दार' हे छायाचित्र जगभर गाजले. अर्धवट उघडे दार, भिंतीवर कंदील, घोड्याचा लगाम आणि दाराला टेकवून ठेवलेला झाडू. डच चित्रकारांनी रोजच्या साध्या वस्तू रंगवल्या, तर छायाचित्रकाराने त्या का टिपू नयेत, असा टॅलबटचा युक्तिवाद आहे. समीक्षकांनी त्या झाडूच्या तिरप्या रेषेचे आणि सावलीचे भरपूर कौतुक केले. तो अंगण झाडणारा हात कोणाचा, हा प्रश्न मात्र त्या कौतुकात मागे राहिला.

आपल्या देशात हा प्रश्न मागे ठेवता येत नाही. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर अस्पृश्याला आपल्या पावलांची धूळ पुसण्यासाठी कमरेला झाडू बांधावा लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या भाषणात नोंदवले आहे. दिवाळीत लक्ष्मी म्हणून केरसुणीला हळदकुंकू वाहायचे आणि ती बांधणाऱ्या मातंगाला गावकुसाबाहेर ठेवायचे, ही आपली संस्कृती. रस्त्यावरचा झाडू जातीने ठरतो, घरातला झाडू लिंगाने ठरतो. दलित बाईच्या हातात हे दोन्ही झाडू एकाच दिवशी येतात. म्हणून झाडूचे छायाचित्र निव्वळ रेषा आणि सावली म्हणून पाहण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही.

नजर शाळेत घडते. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांसाठी पोरे वस्तुचित्राचा सराव करतात. तांब्या, बाटली, दोन फळे, मागे घड्यांचे कापड. छायाप्रकाश शिकण्यासाठी ते ठीकच आहे. पण पाहण्यालायक काय आणि कोपऱ्यात लपवण्यालायक काय, हेही पोर त्याबरोबरच शिकते. सूप, वाढवण, कोयती, शेणाची पाटी सहसा त्या मांडणीत येत नाही.

मी सिंधुदुर्गातल्या एका महाविद्यालयात शिकवतो. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिला. मराठीच्या वर्गात मी विद्यार्थ्यांना सांगितले, की घरातल्या कामाच्या एका वस्तूचा फोटो मोबाइलवर काढून आणा. माणूस त्यात नको, वस्तूच हवी. एका मुलीला तिच्या आईने विचारले, "आडाळ्याचो फोटो कित्याक काढतंस? ता काय काम हा?" आडाळो म्हणजे विळी. जिच्यावर या बाईने हजारो नारळ खवले आणि मासे चिरले, तिच्याबद्दलच ती म्हणते, हे काय काम आहे?

मग एकेक फोटो दाखवून मी विचारले, हे कोणाचे? जाळे दिसले की उत्तर आले, 'मच्छीमाराचे'. मासळीची पाटी दिसली की उत्तर आले, 'आईची'. साऱ्या रूढ समजुतीचे व्याकरण या दोन उत्तरांत आहे. पुरुषाचे हत्यार म्हणजे धंदा आणि बाईचे हत्यार म्हणजे नाते. वास्तविक रापणीत ओढून आणलेली मासळी किनाऱ्यावर पडून राहिली तर तिचे पैसे होत नाहीत. पाटी डोक्यावर घेऊन मालवणच्या, वेंगुर्ल्याच्या बाजारात बसणारी बाई तिचे पैसे करते. पण पर्यटकांसाठी छापलेल्या चित्रांत होडी येते, जाळे येते, मागे सिंधुदुर्ग किल्ला येतो. पाटी क्वचितच येते, कारण तिला वास असतो.

काजूचेही तसेच. पांढऱ्या बशीत पांढरेशुभ्र गर मांडून काढलेला फोटो जाहिरातीत फार देखणा दिसतो. काजूच्या टरफलात दाहक तेल असते. ते कातडीला लागले की हात काळे पडतात, सोलवटतात. वेंगुर्ल्याकडच्या कारखान्यांत काजू फोडायला आणि सोलायला मुख्यतः बायाच असतात. 'बायकांची बोटे नाजूक, हे काम त्यांनाच जमते,' असे म्हटले की मजुरी कमी ठेवण्याला निसर्गाचाच आधार मिळतो. गर पांढरा राहावा म्हणून कोणाचा हात काळा होतो, हे त्या बशीत दिसत नाही.

हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातले बिनमोबदला काम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जातात, पुरुषाची ९७. आणि असे काम करणाऱ्या बाया आहेत शंभरात ८१, पुरुष फक्त २६. पी. साईनाथ यांच्या 'व्हिजिबल वर्क, इनव्हिजिबल विमेन' या प्रदर्शनात १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत टिपलेली, खेड्यातल्या बायांच्या कामाची छायाचित्रे आहेत. दिसणारे काम आणि न दिसणारी बाई, हा विरोध त्या नावातच आहे.

वस्तूपासून माणसापर्यंत कसे जावे, हे आपल्याच साहित्याने दाखवले आहे. उर्मिला पवार यांचे 'आयदान' २००३ मध्ये आले. कोकणात बांबूच्या विणलेल्या वस्तूंना आयदान म्हणतात. वडील गेल्यावर आईने सुपे-टोपल्या विणून पोरे वाढवली. लेखिकेने आईच्या विणण्याशी आपल्या लिहिण्याची वीण जोडली. ग्रामीण कलेच्या प्रदर्शनात मांडलेली टोपली आणि या पुस्तकातली टोपली यांत फरक हाच, की पुस्तकातल्या टोपलीला बोटे आहेत, त्या बोटांना पोटाची काळजी आहे, आणि ती बोटे एका विधवा दलित बाईची आहेत.

आता आपल्या चळवळीकडे वळू. १९५६ नंतर आपण मढी ओढणे नाकारले, बलुते नाकारले, गावाचा झाडू फेकला. हा नकार क्रांतिकारकच होता. पण घरातला झाडू कोणाच्या हातात राहिला? बाबासाहेबांच्या तसबिरीखालची जमीन कोण झाडते? चौदा एप्रिलच्या सभेत बाप्ये समतेवर बोलतात, तेव्हा मागे चुलीवरची डेग कोण उतरवते? हिंदू कोड बिलासाठी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडणाऱ्या नेत्याचे आपण अनुयायी. हा प्रश्न आपण 'नंतर पाहू' म्हणून बाजूला ठेवू शकत नाही.

कोणी म्हणेल, मग पुरुषाच्या हातात झाडू देऊन फोटो काढा, झाले. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये घरकाम करणारे पुरुष दाखवले गेले, तेव्हा चर्चा झाली. ते पाऊल योग्यच होते. परंतु चित्रातला हात बदलल्याने घरातला हात आपोआप बदलत नाही. आमच्या दशावतारात पुरुष रात्रभर साडी नेसून राणी होतो, गाव त्याला मान देते. सकाळी घरी गेल्यावर तोच पुरुष चहाचा कप जागेवरून उचलत नाही. सोंगाला मान आहे, कामाला नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. श्रमाच्या कोणत्याही वस्तूचे छायाचित्र पाहताना, दाखवताना, छापताना तीन प्रश्न विचारावेत. ही वस्तू कोणी बनवली? ती कोण वापरते? तिच्या कामाचा मोबदला कोणाच्या हातात पडतो? शिक्षकांनी हे वर्गात विचारावे, कार्यकर्त्यांनी वस्तीत विचारावे, समीक्षकांनी सौंदर्यावर लिहिण्याआधी विचारावे. याने छायाचित्राचे सौंदर्य उणावणार नाही. ज्या सौंदर्याला हे तीन प्रश्न सोसत नाहीत, ते आपल्या काय कामाचे?