आरजू कुणाची?

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल गालिबच्या शेराने सुरू झाल्याचे उदाहरण विरळाच. अरुणा शानभाग प्रकरणात न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यानसुधा मिश्रा यांच्या खंडपीठाने ७ मार्च २०११ रोजी दिलेला निकाल तसा सुरू होतो. मरणाची ओढ लागली आहे, मरण येते आणि तरी येत नाही, अशा आशयाचा तो शेर. उर्दूच्या माणसाला तो पाठ असतो. वर्गात उर्दू शिकवणाऱ्या आम्हांला तर निकालपत्राच्या माथ्यावर गालिब पाहून पहिल्यांदा अभिमानच वाटला होता. पुढे निकाल सावकाश वाचला, तेव्हा तोच शेर खटकू लागला. का खटकला, ते सांगण्यासाठी हा लेख.

कायद्याच्या अभ्यासकांनी या निकालाची चिकित्सा पुष्कळ केली आहे. आम्ही कायद्याचे जाणकार नाही. आम्ही तो एक मजकूर म्हणून वाचत आहोत, कविता वाचतो तसा. कविता वाचताना पहिला प्रश्न असतो की बोलणारा कोण? गालिबच्या शेरात बोलणारा स्वतः मरणाची आरजू करणारा आहे. उर्दूत एखाद्या गोष्टीवर 'मरणे' म्हणजे तिची अनावर ओढ असणे. त्या एका क्रियापदावर गालिब खेळतो आणि मरणासाठी मरतो. हा खेळ खेळायला जिवंत, जागे, बोलके मन लागते.

निकालातल्या बाईजवळ बोलणे नव्हते. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरची अरुणा परळच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ च्या रात्री तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला आणि तिच्यावर अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला. दृष्टी गेली, वाचा गेली. हल्लेखोराला शिक्षा झाली ती खुनाचा प्रयत्न आणि चोरी यांसाठी. बलात्काराचा आरोप त्याच्यावर ठेवलाच गेला नाही. सात वर्षांनी तो सुटला. अरुणा त्याच रुग्णालयात ४२ वर्षे राहिली आणि १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेली.

या ४२ वर्षांत 'मला मरायचे आहे' असे ती म्हणाली नाही. 'मला जगायचे आहे' असेही म्हणाली नाही. तिच्या वतीने हे दोन्ही इतरांनी म्हटले. तिची कहाणी १९९८ साली पुस्तकरूपाने जगासमोर आणणाऱ्या पत्रकार पिंकी विराणी यांनी न्यायालयात 'निकटच्या स्नेही' म्हणून याचिका केली की तिला अन्न भरवणे थांबवून शांतपणे जाऊ द्यावे. केईएमच्या परिचारिकांनी सांगितले, ती आमची आहे, आम्ही तिला सांभाळू. न्यायालयाने परिचारिकांचे मानले. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही तिच्या अंगावर एक व्रण पडू दिला नाही, याची नोंद निकालात आदराने केली आहे.

म्हणजे निकालाचा निर्णय परिचारिकांच्या बाजूचा आणि निकालाचा शेर याचिकेच्या बाजूचा, अशी ही गंमत आहे. जिने काही मागितलेच नाही, तिच्या तोंडी पहिल्याच ओळीत मरणाची आरजू घातली गेली. न्यायमूर्तींचा हेतू करुणेचा होता, यात आम्हांला शंका नाही. पण दुसऱ्याच्या मौनात आपल्या भाषेतला शेर ठेवणे, हेच या विषयातले खरे संकट आहे.

ही चूक एकट्या न्यायालयाची नाही. मराठी वर्तमानपत्रांनी या प्रकरणाला सर्रास 'इच्छामरण' म्हटले. इच्छामरण भीष्मांचे, त्यांना वर होता, इच्छा होती आणि ती बोलायला वाचाही होती. अरुणाबाबत इच्छा कुणाची? फार तर 'दयामरण' म्हणता आले असते, कारण त्या शब्दात दया करणारा दुसरा आहे हे निदान लपत नाही. आमच्या उर्दू वर्तमानपत्रांत 'कत्ल ब-जज्बा-ए-रहम' असा शब्द येतो. तो कठोर आहे. त्यात रहमही आहे आणि कत्लही. त्या शब्दातून कुणाला सहज निसटता येत नाही.

दत्तकुमार देसाई यांच्या 'कथा अरुणाची' या नाटकापुढेही हाच पेच आहे. ते १९९४-९५ च्या सुमारास लिहिले गेले आणि २००२ साली विनय आपटे यांनी ते रंगमंचावर आणले. रंगमंचाला संवाद लागतात आणि इथे नायिकेची वाचाच नेलेली आहे. अशा बाईची कथा सांगायची तर भोवतालच्यांनी बोलायचे. ते बोलणे तिचे नव्हे, याचे भान लेखकाने ठेवायचे आणि प्रेक्षकानेही. पुस्तक, नाटक, निकाल, सगळ्यांची कसोटी आम्ही इथेच लावतो.

आता गालिबकडे परत जाऊ. स्वतःच्या मृत्यूची तारीख त्याने काव्यातून काढून ठेवली होती, हिजरी सन १२७७. ते वर्ष आले आणि गेले. दिल्लीत साथ आली होती, माणसे मरत होती, गालिब मेला नाही. मित्राला पत्रात त्याने लिहिले की सर्वसाधारण साथीत मरणे आपल्या इतमामाला शोभले नसते. तो गेला १८६९ मध्ये, बऱ्याच वर्षांनी, दुखण्यांनी जर्जर होऊन. त्याच्या मरणाच्या ओढीत थट्टा आहे, तक्रार आहे आणि जगण्याचा चिवटपणाही आहे. तो शेर वैद्यकीय इच्छापत्र नव्हे. 'मरण आले तर बरे' हे वाक्य आपल्या घराघरांतली म्हातारी माणसे दिवसातून चारदा म्हणतात आणि संध्याकाळी चहात साखर कमी पडली म्हणून रुसतातही.

आमच्या घरी हे आम्ही पाहिले आहे. प्रभादेवीच्या एका चाळीत आमचे मोठे अब्बा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, अन्ननलिकेच्या कर्करोगाने गेले. रोग यकृतापर्यंत पोचला होता. एका रुग्णालयात श्वासयंत्र लावण्याची वेळ आली, तेव्हा ते शुद्धीवर होते. म्हणाले, "आता नळ्या नकोत. घरी न्या." घरी आणले. अकरा दिवस राहिले. त्यांतल्या तिसऱ्या रात्री वेदना अनावर झाल्या आणि त्यांनी मोठ्या अम्मीला सांगितले, "गोळ्यांची डबी इथे उशाशी ठेव, सगळ्याच." अम्मीने डबी पदराखाली घेतली आणि सकाळपर्यंत बसून राहिली. सकाळी डॉक्टरांनी मॉर्फिनची मात्रा वाढवली. ती मागणी पुन्हा झाली नाही. शेवटच्या दिवसांत त्यांनी नातवाकडून उर्दू पेपर वाचून घेतला.

दफनानंतर पुरशाला आलेल्या एका नातेवाइकाने अम्मीला ऐकवले, "मशीन लावली असती तर वाचले असते. तुम्ही जीव घेतलात." त्या रात्री तिने आम्हांला विचारले, "बेटा, आपण गुनाह केला का?" तेव्हा आम्ही गप्प बसलो. आज उत्तर लिहीत आहोत.

मोठ्या अब्बांनी दोन गोष्टी मागितल्या होत्या. एक, नळ्या नकोत. दुसरी, सगळ्या गोळ्या द्या. बाहेरून दोन्हींचा शेवट एकच दिसतो. आपल्या परंपरेने मात्र त्यांत फार पूर्वीच फरक केला आहे. जखमेची वेदना न सोसून स्वतःचा हात चाकूने कापणाऱ्या आणि रक्त वाहून मेलेल्या माणसाची हदीस सगळ्यांना ठाऊक असते. त्याने घाई केली म्हणून जन्नत त्याला हराम झाली. मिंबरवरून ती वारंवार सांगितली जाते. त्या मानाने दुसरी हदीस कमी सांगितली जाते. एका काळ्या स्त्रीला फेफरे येत असे. पैगंबर साहेबांनी (स.) तिला निवड दिली की सब्र केलास तर जन्नत आहे, हवे तर बरे होण्यासाठी दुआ करतो. तिने सब्र निवडला. फक्त एक मागितले, झटका येतो तेव्हा अंगावरचे वस्त्र सरते, ते सरू नये. आणि पैगंबर साहेबांनी तेवढ्यासाठी दुआ केली. उपचार घेणे प्रत्येक वेळी फर्ज नाही, असे अनेक फकीहांनी या प्रसंगावरून म्हटले. आम्हांला त्यात आणखी एक दिसते. त्या स्त्रीला विचारले गेले, तिचे ऐकले गेले आणि रोगाइतकीच तिच्या अब्रूची काळजी घेतली गेली.

१९८१ साली कुवेतच्या इस्लामी वैद्यक परिषदेने केलेली आचारसंहिताही याच दिशेची आहे. आशा उरली नसता यंत्रांनी मरण लांबवत राहणे व्यर्थ. पण जीव घेण्यासाठी डॉक्टरने स्वतः पाऊल उचलू नये. म्हणून अम्मीला आमचे उत्तर असे आहे की नळ्या नाकारणे गुनाह नव्हता. आणि डबी पदराखाली घेऊन तू रात्रभर बसलीस, तेही बरोबरच होते.

देशाचा कायदाही आज साधारण याच रेषेवर उभा आहे. ९ मार्च २०१८ च्या निकालाने घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क कलम २१ मध्ये वाचला आणि 'आता उपचार नकोत' असे आधीच लिहून ठेवायला मान्यता दिली. २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची रीत सोपी झाली. न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत असे, ती नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे होऊ लागली. आत्महत्येला साहाय्य मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ खाली गुन्हाच आहे. गिरगावातील एका वृद्ध दांपत्याने आजार नसतानाही, मूलबाळ नाही आणि कुणावर भार व्हायचे नाही म्हणून, राष्ट्रपतींकडे मरणाची परवानगी मागितली होती. नेदरलँड्समध्ये २००२ पासून असाध्य यातना असलेल्यांना डॉक्टरांच्या हातून मरण कायद्याने मिळते. तसे इथे का नको, असे विचारणारे मूर्ख नाहीत आणि निर्दयही नाहीत. मॉर्फिनलाही न जुमानणारी वेदना असते. तिथे गालिबचा शेर खरोखर त्या माणसाचाच असतो, आणि त्याच्यापुढे आमच्याजवळ सोपे उत्तर नाही.

तरी आम्ही नकाराच्या बाजूला राहतो. कारण फक्त धर्माचे नाही. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे आजाऱ्याच्या खाटेखाली नातवंडे झोपतात आणि मुलाच्या पगारातून औषधे येतात, तिथे 'मला जाऊ द्या' या वाक्यात किती इच्छा आणि किती संकोच, हे कोण मोजणार? जिथे वेदनाशमन सहज मिळत नाही, तिथे मरणाचा हक्क आधी दिला तर तो गरिबाला स्वस्त उपचार म्हणून मिळेल. वांद्र्यातील शांती आवेदना सदन १९८६ पासून शेवटच्या टप्प्यातील कर्करुग्णांना आसरा देते. परळच्या टाटा रुग्णालयात वेदनाशमनाचा वेगळा विभाग आहे. अशी ठिकाणे गल्लोगल्ली झाली आणि तरीही कुणी मागितले, तर तो प्रश्न नव्याने ऐकला पाहिजे.

एक दोष आपल्या पदरात घेऊ. आपण आजाऱ्याला सब्र सांगतो. त्याचे मलमूत्र काढणाऱ्या सुनेला, रात्री जागणाऱ्या बायकोला कोण हात देतो? मोठ्या अब्बांच्या अकरा दिवसांत भेटीला पुष्कळ आले, खिचडी आणणाऱ्या शेजारणी दोनच होत्या, आणि 'जीव घेतलात' म्हणणारा त्यांपैकी कुणाचाही नवरा नव्हता. आत्महत्या हराम आहे, हा फतवा देणे सोपे. त्या फतव्याचा खर्च कुणाला तरी उचलावा लागतो. केईएममध्ये तो परिचारिकांच्या पिढ्यांनी उचलला. महापालिकेने खाट मोकळी करण्यासाठी अरुणाला हलवायचे ठरवले, तेव्हा त्यांनी विरोध केला. पुढे नव्याने आलेल्या मुली, ज्यांनी तिला धडधाकट पाहिलेही नव्हते, तिला भरवत राहिल्या.

प्रभादेवीहून रुळांपलीकडे गेले की केईएम येते. तिथे तिच्या उशाशी उभे राहून शेर म्हणायचा हक्क कुणाला असेलच, तर तिला पुसणाऱ्या, भरवणाऱ्या त्या बायकांना होता. त्यांनी तो म्हटला नाही. त्या कामाला लागल्या.