किशोरवयीन देहप्रतिमा आणि मराठी चित्रपट : ‘फँड्री’ व ‘वजनदार’ (विशेष संदर्भ : कडाव परिसर)

प्रस्तावना

किशोरावस्था ही स्वतःच्या देहाशी नव्याने ओळख होण्याची अवस्था होय. या वयात मुलामुलींच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी जे चित्र तयार होते त्यास देहप्रतिमा असे म्हणतात. हे चित्र विकृत झाले की त्याचे पडसाद ताटातील अन्नावर उमटतात. देहप्रतिमेच्या प्रश्नाला मराठी चित्रपटाने दोन भिन्न दिशांनी स्पर्श केला आहे. नागराज मंजुळे दिग्दर्शित ‘फँड्री’ (२०१३) आणि सचिन कुंडलकर दिग्दर्शित ‘वजनदार’ (२०१६) हे ते दोन चित्रपट होत. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात असलेल्या कडावसारख्या गावातील किशोरवयीन प्रेक्षकाला हे चित्रपट काय देतात व काय देत नाहीत, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘वजनदार’ : स्वीकाराचा संदेश

‘वजनदार’मध्ये पाचगणीतील दोन मैत्रिणी वजन कमी करण्याचा ध्यास घेतात. सई ताम्हणकर व प्रिया बापट यांनी या भूमिकांसाठी स्वतःचे वजन वाढवले होते. मराठी चित्रपटात स्थूल स्त्री ही बहुधा विनोदापुरतीच येत असे; तिला नायिकेचे स्थान देणे ही या चित्रपटाची महत्त्वाची कामगिरी होय. मैत्रिणींची परस्परांना मिळणारी साथ आणि अखेरीस ‘आहे तशी स्वतःला स्वीकार’ हा संदेश प्रेक्षकाला दिलासा देतो. परंतु चित्रपटाची प्रकृती हलकीफुलकी असल्याने उपाशी राहणे हे येथे मुख्यतः गमतीचे निमित्त ठरते. त्यातून उद्भवणारा आजार चित्रपटाच्या कक्षेबाहेर राहतो. शिवाय स्वतःला स्वीकारणे हा केवळ इच्छाशक्तीचा प्रश्न आहे, असा समजही त्यातून बळावतो.

‘फँड्री’ : पाहणाऱ्यांची नजर

‘फँड्री’ हा वजनाविषयीचा चित्रपट नाही. तरीही देहप्रतिमेचे मूळ तो अधिक नेमकेपणाने दाखवतो. कैकाडी समाजातील जब्याला आपला काळा रंग सलतो. त्याला जीन्स हवी असते. शालूने आपल्याकडे पाहावे म्हणून तो काळ्या चिमणीच्या मागे फिरतो. अखेरच्या प्रसंगात त्याचे कुटुंब डुकरे पकडत असताना गाव तमाशा पाहावा तसे पाहते आणि हसते. जब्याची लाज आरशातून आलेली नाही, ती पाहणाऱ्यांच्या नजरेतून आली आहे. म्हणूनच त्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. ‘वजनदार’ नायिकांना बदलण्यास सांगतो, तर ‘फँड्री’ पाहणाऱ्यास जाब विचारतो.

कडाव परिसराचा संदर्भ

आहारविकार हे शहरातील सुखवस्तू घरांचे दुखणे आहे, असा समज आढळतो. फिजी बेटांवरील अभ्यास या समजास छेद देतो. तेथे भरलेला देह हा सुस्थितीचे लक्षण मानला जाई. १९९५ मध्ये नादरोगा भागात दूरचित्रवाणी आली. वजन घटवण्यासाठी उलटी करणाऱ्या शाळकरी मुलींचे प्रमाण त्या वर्षी शून्य होते. १९९८ मध्ये ते ११.३ टक्के झाल्याचे अॅन बेकर व सहकाऱ्यांना आढळले. आज कडावमधील मुलीच्या हातातही मोबाईल आहे.

येथे मात्र हा विकार ओळखणे अधिक अवघड ठरते. कर्जत तालुक्यातील ठाकूर व कातकरी वाड्यांमध्ये कुपोषण हा जुना प्रश्न आहे. त्यामुळे मुलगी कृश दिसली तर तिला अन्न मिळत नाही की ती ते नाकारते, हा प्रश्नच विचारला जात नाही. दुसरीकडे संकष्टी, सोमवार, मार्गशीर्षातील गुरुवार हे उपवास घरोघरी आदराने पाळले जातात. या श्रद्धेत दोष नाही. पण उपवासांची संख्या वाढत गेली, तर भाकरी टाळणाऱ्या मुलीचे घरात कौतुकच होते. अॅनोरेक्सिया नर्व्होसा या विकारात पाळी थांबू शकते, हाडे ठिसूळ होतात, हृदयाची गती मंदावते. मानसिक विकारांमध्ये त्याचे मृत्युप्रमाण अतिशय वरचे आहे. वारंवार उलटी केल्याने रक्तातील पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि असा रुग्ण कृश दिसेलच असे नाही.

समारोप

स्थूल देहाला प्रतिष्ठा देणे आणि लाजेचे सामाजिक मूळ दाखवणे ही कामे मराठी चित्रपटाने केली आहेत. मात्र भरल्या घरात उपाशी राहणारी मुलगी या दोन्ही चित्रपटांत नाही. ‘स्वतःला स्वीकार’ एवढे सांगून तिचे भागणार नाही. तिला डॉक्टर, समुपदेशक आणि सोबत जेवायला बसणारे माणूस हवे. ‘जाडी’, ‘काळी’, ‘काडी’ ही विशेषणे वर्गात व घरात सहज उच्चारली जातात, तोवर जब्याचा दगड आपल्या दिशेनेही आहे, याचे भान पालक व शिक्षकांनी ठेवणे अगत्याचे आहे.